चार कामट्या आणि एक चाकू: ब्रँडिसच्या पद्धतीने झाडांचे नमुने ठेवायचे आणि जंगल मोजायचं कसं

डीट्रिख ब्रँडिस १८५६ साली पेगूच्या सागवानी जंगलांचा अधीक्षक म्हणून ब्रह्मदेशात आला, तेव्हा त्याच्याकडे वनशास्त्राची पदवी नव्हती. तो १८२४ साली बॉनमध्ये जन्मला, कोपनहेगन, ग्योटिंगेन आणि बॉन इथे शिकला. विषय वनस्पतिशास्त्र. १८४९ पासून बॉन विद्यापीठात शिकवत होता. पेगू हा कंपनी सरकारने १८५२ च्या युद्धात जिंकलेला मुलूख. तिथल्या जंगलातून साग ओढून नेला जात होता आणि मागे किती उरला याचा हिशेब कुणापाशी नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने नेमलेल्या या प्राध्यापकापुढे पहिला प्रश्न हाच होता: झाडं किती आहेत, आणि वर्षाला किती तोडली तर ती संपणार नाहीत?

त्याने काढलेली युक्ती अगदी साधी होती. डाव्या हातात चार कामट्या, सागाच्या घेराच्या चार वर्गांसाठी चार. उजव्या हातात चाकू. ठरवलेल्या रेषेने जायचं आणि रेषेजवळ दिसलेल्या प्रत्येक सागासाठी त्याच्या वर्गाच्या कामटीवर एक खाच पाडायची. ब्रह्मदेशातल्या पावसात आणि घामात कागद टिकत नाही, खाच टिकते. या खाचांच्या बेरजेवर तिथल्या तोडीचा वार्षिक कोटा ठरला.

ज्याला आपण वनखात्याचं प्रशिक्षण म्हणतो ते यानंतर आलं. ब्रँडिस १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या जंगलांचा पहिला महानिरीक्षक झाला. त्याच्या पुढाकाराने निवडलेले उमेदवार जर्मनीच्या जंगलांत आणि फ्रान्समधल्या नॅन्सीच्या शाळेत जाऊ लागले. १८७८ मध्ये देहरादूनला इथल्या रेंजरांसाठी शाळा उघडली, १८८५ पासून इंग्लंडात कूपर्स हिलला वर्ग सुरू झाले. उमेदवार वनस्पतिशास्त्र शिके, रोपवन शिके, जमीनमोजणी शिके, रस्ते आखायला शिके. नोकरीत आल्यावर प्रांताच्या भाषेची आणि कायद्याची खात्याची परीक्षा वेगळी. एवढ्या सगळ्याच्या तळाशी हाताची दोन कामं होती: झाडाचं नाव पुराव्यानिशी सांगता येणं, आणि झाडं मोजता येणं. ती आजही त्याच पद्धतीने शिकता येतात. महाराष्ट्रात सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आपल्या जंगलाचा आराखडा करायला बसतात तेव्हा त्यांना नेमकी हीच दोन कामं करायची असतात.

क्रम मात्र पाळा. आधी नमुने, मग मोजणी. ज्या झाडाचं नाव पक्कं नाही त्याची मोजणी ही आकड्यांची नुसती रास असते.

नमुना घेण्याआधी वही

वही जाड पुठ्ठ्याची आणि खिशात मावणारी घ्या. लिहायला शिसपेन्सिल, एचबी किंवा त्याहून गडद. बॉलपेनची शाई ओल्या कागदावर उठत नाही आणि जेलपेनची पसरते.

प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक. हा क्रमांक आयुष्यात पुन्हा वापरायचा नाही. नवी वही, नवं वर्ष, नवं गाव, काही झालं तरी मागचा क्रमांक १४७ असेल तर पुढचा १४८. दरवर्षी १ पासून सुरुवात करणाऱ्याच्या संग्रहात पाच वर्षांनी पाच वेगवेगळी झाडं "क्रमांक १२" म्हणून पडलेली असतात, आणि तो घोळ नंतर कुणालाही सोडवता येत नाही.

क्रमांकापुढे लिहायचं ते झाडासमोर उभं राहूनच लिहायचं: तारीख, गाव-तालुका-जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची (मोबाइलवरचं जीपीएस चालेल), जागा कशी आहे (नाल्याकाठ, कातळ, डोंगरउतार, शेताचा बांध), झाडाची अंदाजे उंची, छातीच्या उंचीवरचा घेर, सालीचा रंग आणि पोत. त्यानंतर वाळल्यावर जे नाहीसं होणार आहे ते सगळं: फुलाचा रंग, वास, चीक येतो का आणि त्याचा रंग कोणता, कोवळ्या पानाचा रंग. दाबलेल्या नमुन्यात पांढरं फूल तपकिरी होतं, निळं बहुधा फिकटतं. वहीत लिहिलं नसेल तर तो रंग कायमचा गेला.

सालीसाठी चाकूच्या टोकाने बोटाच्या पेराएवढी चकती उचला आणि आतला रंग बघा. ऐनाची साल बाहेरून मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीत फाटलेली असते. त्याचं पान उलटं करून देठाजवळ पाहिलं तर मध्यशिरेच्या बुडाशी गाठीसारख्या ग्रंथी दिसतात. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात तांबडा होतो. या खुणा पुस्तकातून पाठ होत नाहीत. एकदा हाताने केल्या की विसरत नाहीत.

स्थानिक नाव विचारताना दोघांना वेगवेगळं विचारा. एकाने सांगितल्यावर दुसरा त्याच्या समोर मान डोलावतो, म्हणून एकत्र विचारू नका. नाव देवनागरीत, कानाला ऐकू आलं तसंच लिहा आणि बोली कोणती तेही लिहा: गोंडी, माडिया, कातकरी, ठाकरी, कोकणी. आपल्या मनाने "शुद्ध" करू नका. अंजन म्हटलं की खानदेश-विदर्भात एक झाड आणि सह्याद्रीच्या माथ्यावर अगदी दुसरंच. ऐन कोकणात ऐन, पण पूर्वेकडे गेलात की तोच साज आणि सादडा. जुन्या वनाधिकाऱ्यांनी गोळा केलेल्या स्थानिक नावांमागे त्यांना झाड दाखवणारी माणसं होती आणि नमुन्यांच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर त्यांची नावं नाहीत. तुमच्या वहीत सांगणाऱ्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, जरूर असू द्या.

फांदी कोणती तोडायची

२५ ते ३० सेंटिमीटरची, पानं आणि फूल किंवा फळ असलेली डहाळी. नुसत्या पानांचा नमुना ओळख पटवायला बहुतेक वेळा निरुपयोगी. एकाच झाडाच्या चार-पाच डहाळ्या त्याच क्रमांकाखाली घ्या. एक तुमच्याकडे, एक ओळख पटवायला हर्बेरियमकडे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाकडे), बाकीच्या देवाणघेवाणीला. शेजारच्या झाडाची डहाळी मिसळायची नाही, कितीही सारखी दिसली तरी. तिला वेगळा क्रमांक द्यायचा.

झाडांच्या बाबतीत खरी अडचण अशी की ती सगळं एका वेळी देत नाहीत. काटेसावर माघाच्या सुमारास निष्पर्ण असताना फुलते, पळसही तसाच. फुलांचा नमुना घेतला तर पानं नाहीत आणि पानांच्या वेळी गेलात तर फुलं नाहीत. म्हणून पहिल्या फेरीतच झाडाला ॲल्युमिनियमची पट्टी लावून तिच्यावर खिळ्याने क्रमांक कोरा, आणि पानांच्या मोसमात त्याच झाडाकडे परत या. दुसऱ्या डहाळीला नवा क्रमांक द्या आणि वहीत दोन्हीकडे लिहा: "क्र. १४८ चंच झाड." पट्टी सैल तारेने बांधा. घट्ट बांधलेली तार दोन-तीन वर्षांत सालीत रुतते.

टेंभुर्णीसारख्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. दोन्ही झाडांचे नमुने हवेत, दोन क्रमांकांनी.

बिब्ब्याची फांदी तोडताना जपून. चीक अंगावर आला की बिब्बा उततो, आणि काही जणांना तो आठवडाभर पुरतो. हातमोजे घाला आणि चाकू लगेच तेल लावून पुसा. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही तोडू नका.

दाबणं आणि वाळवणं

प्रेस म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, सुमारे ४६ बाय ३० सेंटिमीटरच्या, आणि त्या आवळायला दोन पट्टे. सुतार तासाभरात करून देतो. प्लायवूडची अखंड फळी वापरू नका, हवा खेळत नाही. मधे वर्तमानपत्राची रद्दी, चकचकीत कागदाच्या पुरवण्या वगळून. त्या ओल शोषत नाहीत.

डहाळी शक्यतो तोडल्या जागीच कागदात ठेवा. पानं एकावर एक येत असतील तर काही पानं देठ ठेवून कापा, म्हणजे तिथे पान होतं हे कळतं. किमान एक पान उलटं ठेवा. पानाच्या पाठीवरची लव आणि ग्रंथी नंतर उलटून पाहता येत नाहीत. जाड फळ मधोमध कापून दोन्ही अर्धे ठेवा. सागाचं पान कागदाहून मोठं असतं. ते मध्यशिरेच्या एका बाजूने उभं कापा, पण टोक आणि बूड शाबूत ठेवा, मग घडी घाला. पान किती मोठं होतं ते वहीत सेंटिमीटरमध्ये.

पट्टे आवळताना प्रेसवर गुडघा ठेवून आवळा. सैल प्रेसमधलं पान सुरकुततं आणि ती सुरकुती पुन्हा जात नाही.

आता सगळ्यात जास्त चुका होणारी पायरी. पहिल्यांदा कागद २४ तासांत बदलायचे, पावसाळ्यात १२ तासांत. या पहिल्या बदलाच्या वेळी पान अजून लवचीक असतं, तेव्हाच दुमडलेली कड बोटाने सरळ करून घ्या. त्यानंतर तीन-चार दिवस रोज, मग एक दिवसाआड. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नमुना वाळतो, आषाढात कोकणात दोन-तीन आठवडेही लागतात. वाळला की नाही हे गालाला लावून कळतं: गार लागला तर आत ओल आहे.

पान काळं पडलं तर वाळायला उशीर झाला. बुरशी आली तर कागद बदलले गेले नाहीत. पानं देठापासून गळून पडली तर फांदी अजून जिवंत होती आणि तिने स्वतःच पानं टाकली. अशा झाडांची आणि मांसल वनस्पतींची पुढची डहाळी दाबण्याआधी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा, फूल वर धरून. पावसाळ्यात प्रेस चुलीपासून हातभर वर, गरम हवा जाळीतून जाईल असा उभा टांगता येतो. बल्ब लावलेली पेटीही चालते. कागद हाताला चटका देण्याइतका तापला तर पानं ठिसूळ होतात.

वाळलेला नमुना चिकटवायचा कागद २८ बाय ४२ सेंटिमीटर, जाड. डहाळीला मागून डिंक किंवा फेविकॉल, आणि जाड काडी दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी शिवून टाका. नुसत्या गोंदावर काडी वर्षभरात सुटते. सेलोटेप कधीही नाही: ती पिवळी पडते, सुटते आणि पानाची लव सोबत घेऊन जाते. गळलेली फुलं, बिया आणि सालीची चकती कागदाच्या पाकिटात घालून त्याच पानावर. उजवा खालचा कोपरा चिठ्ठीसाठी मोकळा, १२ बाय ८ सेंटिमीटर.

जुन्या काळी किडीपासून वाचवायला नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत, म्हणजे पाऱ्याच्या जहाल विषात. ते विष त्या पानांवर आजही आहे. जुना संग्रह हाताळताना हातमोजे घाला आणि काम झाल्यावर हात धुवा. तुम्ही ते वापरू नका. नमुने प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतल्या गार कागदावर दव धरतं. खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा. दर पावसाळ्यानंतर हाच प्रकार पुन्हा, कारण भुंगेरे परत येतात.

ओळख पटवायला दोन जुने आधार अजूनही हाताशी लागतात: थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ दरम्यान प्रसिद्ध केलेली मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची आणि वनाधिकारी टॅलबटचे झाडाझुडपांवरचे दोन खंड, १९०९ आणि १९११ चे. त्यांतली शास्त्रीय नावं बरीच बदलली आहेत, वर्णनं बदललेली नाहीत. शेवटचा निर्णय मात्र हर्बेरियममधल्या नमुन्याशी ताडून. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र, आघारकर संस्था आणि मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम ही जवळची ठिकाणं.

कामट्या

वाळलेला बांबू घ्या. ओल्या बांबूची कामटी वाळताना आक्रसते आणि बारीक खाचा मिटतात. लांबी २० सेंटिमीटर, रुंदी दोन, जाडी तीन-चार मिलिमीटर. कडा घासून घ्या, नाहीतर दिवसभरात कुसळं बोटात जातात.

चार वर्ग ब्रँडिसचे, फुटांत होते. आजच्या मापात असे:

पहिला वर्ग: घेर ६ फूट आणि वर, म्हणजे १८३ सेंटिमीटरच्या पुढे.
दुसरा: साडेचार ते सहा फूट, १३७ ते १८३.
तिसरा: दीड ते साडेचार फूट, ४६ ते १३७.
चौथा: दीड फुटाच्या आत, ४६ हून कमी.

चारही कामट्यांची टोकं वेगवेगळी कापा: एक सपाट, एक तिरकं, एक टोकदार, एक मधे चीर असलेलं. खिशात हात घातल्यावर न बघता हवी ती हाताला लागली पाहिजे, कारण डोळे झाडांवर हवेत. खाचा चार मिलिमीटरच्या अंतराने, दर पाचवी खाच दुप्पट लांब. एका कडेवर चाळीस आरामात बसतात. भरलेली कामटी डाव्या खिशातून उजव्या खिशात. ही शिस्त मोडली की त्याच कामटीवर दुसऱ्यांदा खाचा पडतात.

चाकू नेहमी स्वतःपासून दूर चालवायचा आणि दर झाडानंतर मिटायचा. उतारावर उघडा चाकू हातात धरून चालू नये. शाळेच्या मुलांकडून करून घ्यायचं असेल तर चाकूऐवजी बारीक कानस द्या, खाच तशीच पडते.

घेर मोजताना

छातीची उंची म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटर. जुन्या साडेचार फुटांचंच हे रूपांतर. दुसऱ्या वर्गाची सुरुवातही साडेचार फुटांवर होते, त्यामुळे नवखे लोक उंची आणि घेर यांची गल्लत करतात. एक सरळ काठी १.३७ मीटरवर कापून घ्या, मग उंचीचा प्रश्नच उरत नाही.

उतारावर काठी झाडाच्या वरच्या बाजूला टेकवा. झुकलेलं झाड असेल तर झुकलेल्या बाजूने आणि टेप खोडाला काटकोनात. त्या उंचीवर गाठ किंवा सूज असेल तर तिच्या वर, जिथे खोड नीट होतं तिथे. १.३७ मीटरच्या खाली दुभंगलेलं खोड दोन झाडं म्हणून मोजा, वर दुभंगलं असेल तर एक. टेपखाली वेल राहू देऊ नका, सालीचा सुटलेला पापुद्रा आधी हाताने काढा. टेप मागच्या बाजूला खाली घसरली की घेर जास्त येतो आणि समोरून ते दिसत नाही, म्हणून दुसऱ्या माणसाने मागून बघावं.

दर्जीची टेप दीड मीटरचीच असते, पहिल्या वर्गाला पुरत नाही. फायबरच्या लांब टेपचा दोन मीटरचा तुकडा घेऊन त्यावर ४६, १३७ आणि १८३ ला ऑइल पेंटने तीन रंगांच्या रेघा मारा. जंगलात आकडा वाचायची गरज नाही, रंग दिसला की वर्ग कळला. सुतळीला गाठी मारून हे करू नका, ती भिजली की आखडते.

ब्रँडिस डोळ्याने वर्ग ठरवायचा. तुम्ही तसं करण्याआधी पहिली पन्नास झाडं टेपने मोजा, आधी अंदाज बोलून आणि मग टेप लावून. त्यानंतर डोळ्याने चला, पण दर दहाव्या झाडाला टेप लावा आणि सीमेवरच्या प्रत्येक झाडाला लावाच. १३० आणि १४० मधला फरक डोळ्याला दिसत नाही, हिशेबात मात्र तो सगळ्यात महाग पडतो. का, ते पुढे.

रेषा

माघ ते वैशाख हा काळ उत्तम. सागाची पानं गळलेली असतात, लांबवर दिसतं. वणव्याचे दिवस असतात तेव्हा बीट गार्डला सांगून जा.

रेषा ५०० मीटर लांब, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. म्हणजे ५०० गुणिले २०, बरोबर एक हेक्टर. माणसं चार: एक होकायंत्रावर दिशा धरणारा, एक दोरी ओढणारा, एक टेपवाला, एक कामट्यांचा. रेषा पायवाटेने नेऊ नका. वाटेकडेची झाडं आधीच कुणीतरी नेलेली असतात आणि आकडा खोटा कमी येतो. डोंगराच्या कुशीने आडवीही नको. नाल्यापासून माथ्याकडे न्या, म्हणजे खोल मातीतला साग आणि कातळावरचा साग दोन्ही सापडतात.

अंतर नकाशावरचं हवं, उतारावरचं नाही. २० अंशांच्या चढावर १०० मीटर चाललात तर नकाशावर ९४ च झाले, ३० अंशांवर ८७. सह्याद्रीत हे विसरलं की हेक्टर लहान पडतो. बाजूचे दहा मीटर मोजताना दोरी आडवी, पाण्याच्या पातळीसारखी धरायची. कडेवरच्या झाडाच्या बुंध्याचा मध्य आत असेल तर ते आत. मध्य नेमका कडेच्या रेषेवर असेल तर एक धरायचं, पुढचं सोडायचं.

छातीच्या उंचीपर्यंत न पोहोचलेली रोपं चौथ्या वर्गात धरू नका. तोडलेल्या खुंटाला फुटलेले फुटवे पुरेसे उंच असतील तर प्रत्येक मोजा, पण वहीत "खुंटाचे" म्हणून टिपा.

२०० हेक्टरच्या जंगलाला सुरुवातीला चार रेषा, म्हणजे शेकडा दोन. पहिलीची जागा चिठ्ठी टाकून ठरवा आणि बाकीच्या तिच्यापासून सारख्या अंतरावर. "इथे छान साग आहे" म्हणून रेषा तिकडे सरकवायची नाही.

खाचांपासून आकड्यापर्यंत

समजा चार रेषांवर पहिल्या वर्गाची १४, ९, ११ आणि २ झाडं आली. एकूण ३६, म्हणजे हेक्टरी ९, म्हणजे २०० हेक्टरांत १,८००. दोन झाडांची रेषा चुकीची वाटते म्हणून गाळण्याचा मोह होतो. गाळू नका, तीही जंगलच आहे. एवढा फरक दिसला तर रेषा वाढवा, दहा करा.

ब्रँडिसने पेगूत धरलं की दुसऱ्या वर्गाचं झाड पहिल्यात यायला २४ वर्षं लागतात. म्हणून पहिल्या वर्गाचा चोविसावा हिस्सा दरवर्षी तोडायचा: १,८०० भागिले २४, म्हणजे ७५ झाडं. शेवटचं झाड पडेपर्यंत दुसरा वर्ग पहिल्यात आलेला असतो.

यातली मेख दुसऱ्या वर्गात आहे. तुमच्या चार रेषांवर दुसऱ्या वर्गाची ३० च झाडं असतील तर जंगलात ती १,५०० झाली, आणि २४ वर्षांनी पहिल्या वर्गात १,५०० हून जास्त येऊच शकत नाहीत. मग कोटा ७५ नव्हे, ६२. त्यातून वाऱ्याने, आगीने, चोरीने जातील ती वजा. सीमेवर १३० चं झाड १४० धरलं की हीच संख्या फुगते, आणि तोड पेलवेल त्यापेक्षा जास्त होते.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाकडे कोट्यासाठी नव्हे, तब्येतीसाठी बघा. तिसऱ्यात १२० आणि चौथ्यात २० अशा खाचा आल्या तर नवीन झाडं उभीच राहत नाहीत. वणवा, चराई, की खूप दाट सावली, हे त्या रेषेवर परत जाऊन बघावं लागतं.

आणि २४ हा आकडा ब्रह्मदेशाचा आहे, तुमचा नाही. सागाला वर्षाला एक स्पष्ट कडं पडतं, त्यामुळे स्वतःचा आकडा काढता येतो. कायदेशीर तोड झालेल्या कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, जा. ताज्या खुंटाचा पृष्ठभाग रंध्याने किंवा धारदार विळ्याने एका पट्टीत गुळगुळीत करून पाणी शिंपडा, कडी उठून दिसतात. १३७ घेराची त्रिज्या २१.८ सेंटिमीटर, १८३ ची २९.१. दोन्हींतून सालीची जाडी वजा करा, केंद्रापासून ती दोन अंतरं खिळ्याने खुणवा आणि मधली कडी मोजा. खुंट बुडाशी रुंद असतो, म्हणून वर्षं थोडी कमी भरतात. ओंडक्याचं टोक मिळालं तर ते जास्त खरं. तीन दिशांना मोजून सरासरी घ्या, कारण उतारावरचं झाड एका बाजूला जाड वाढतं. किमान वीस खुंट.

पेगूत ठरलेली झाडं लगेच पाडत नसत. बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं ओलं लाकूड गोलाकार कापून झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत, कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि तिथली वाहतूक नदीने होती. इथे ट्रकने नेताना त्याची गरज नाही. महाराष्ट्रात स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते, आणि सामूहिक वनहक्काच्या जंगलात निर्णय ग्रामसभेचा. वरचा हिशेब त्या बैठकीत मांडायचा कागद आहे.

ब्रँडिसच्या मोजणीत एक गोष्ट नव्हती, ती तुमच्या मोजणीत हवी. त्याच्या कामट्या फक्त सागाच्या होत्या, कारण सरकारला साग हवा होता. पुढे १८७८ च्या वनकायद्याच्या वादात गावांसाठी वेगळी जंगलं ठेवावीत असं त्याचं मत होतं. ते मागे पडलं आणि जास्तीत जास्त जंगल सरकारी करणाऱ्यांची सरशी झाली. त्याची किंमत इथल्या गावांनी शंभरावर वर्षं मोजली. म्हणून पाचवी, सहावी, सातवी कामटी करा: मोहाची, टेंभुर्णीची, चारोळीची, हिरड्याची, गावाला जे लागतं त्याची. मोहासाठी घेराऐवजी "फुलणारा" आणि "न फुलणारा" एवढे दोनच वर्ग पुरतात.

संध्याकाळी मुक्कामावर आल्याबरोबर खाचा दोघांनी स्वतंत्र मोजून वहीत उतरवा आणि आकडे जुळले तरच सही करा. कामट्या फेकू नका. रेषेचा क्रमांक आणि तारीख गरम सळईने डागून, एका रेषेच्या कामट्या एकत्र बांधून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवा, नाहीतर भुंगा त्यांचं पीठ करतो. रेषेच्या सुरुवातीला गुडघाभर दगड पुरून त्यावर क्रमांक कोरा आणि जवळच्या दोन मोठ्या झाडांपासून त्याचं अंतर आणि दिशा वहीत लिहा. पाच वर्षांनी दगड कुणी उचलून नेलेला असला तरी त्या दोन झाडांवरून जागा सापडते, आणि त्याच रेषेवर पुन्हा खाचा पाडता येतात.